पिकअपचा हरवलेला तिसरा चरण

बुधवार, दुपार

श्यालकशिरोमणी यांस,

सात अंगांनी नमस्कार. आठवं अंग, म्हणजे माझ्या उजव्या हाताची करंगळी, सोमवार संध्याकाळपासून कामातून गेलेलं आहे. (नमस्कारात करंगळीला शास्त्रकारांनी स्वतंत्र अंग मानलेलं नाही हे मला ठाऊक आहे. पण त्यांची करंगळी कधी पिकअपच्या बॉनेटमध्ये सापडली नसावी.) वास्तविक मी तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, तुझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तेव्हा नमस्कार तू करायचा आणि आशीर्वाद मी द्यायचा. पण आशीर्वादाला उजवा हात लागतो, आणि त्याचं वर सांगितलंच. हे पत्र लिहितानाही करंगळी वर धरावी लागते आहे, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा ऐटबाज वाटलं तर तो ऐटीचा भाग समजू नकोस.

तुझी पाठ कशी आहे? नवीन नोकरीत खुर्ची बरी आहे का? चौथ्या मजल्यावरच्या त्या जागेत आता रुळलास असं धरून चालतो. स्वयंपाकघरातली कपाटं, कपड्यांचे खण, साखरेचा डबा आणि दात घासायच्या पेस्टची नळी हे सगळं तिथेही पूर्ववत उघडंच असेल, अशी खात्री आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा सकाळी उठून घरभर हिंडत एकेक झाकण लावत गेलो होतो, आणि तू माझ्या मागून येत एकेक उघडत गेला होतास. तेव्हापासून माझं असं मत झालेलं आहे की जगात दोन जातीची माणसं असतात, आणि तुमचं घराणं दुसऱ्या जातीतलं आहे. (तुझी ताई अपवाद. ती आमच्याकडे येऊन सुधारली.) हा दोष वरून खाली येतो की खालून वर जातो ते मला सांगता येणार नाही, पण आता आमच्याकडे राहायला आलेल्या तुझ्या आईंनाही त्याची बाधा झालेली दिसते. संध्याकाळची शिकवणी आटोपून मी घरी येतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी मागच्या अंगणात पिकअपचं बॉनेट आ वासून उभं असतं. आईंचं वय झालं, गाडी धुताना उघडलं असेल, बंद करायचं राहून गेलं असेल, असं मनाशी म्हणतो आणि गुपचूप बंद करतो. आठ महिन्यांत याबद्दल एक शब्द काढलेला नाही. खटका बसल्याचा आवाजही होऊ देत नाही, न जाणो त्यांना वाईट वाटेल. तो आवाज होऊ नये म्हणून मध्ये हात धरण्यातच करंगळी गेली.

पण पत्राचं कारण करंगळी नव्हे. पत्राचं कारण ती गाडी.

तुला आठवत असेल, फर्निचरचं दुकान मिटवून तू ही पिकअप आम्हाला दिलीस तेव्हा तिच्या टपावर थाप मारून म्हणाला होतास, "भाऊजी, सहा वर्षांत एक ठोका चुकलेली नाही." ते वाक्य मी तेव्हा प्रमाण मानलं. मी भाषा शिकवणारा माणूस, इंजिनातलं मला काय कळतं? आप्तवाक्य हे ज्ञानाचं एक साधन आहे असं आम्ही शिकलो, आणि बायकोच्या भावापेक्षा अधिक आप्त कोण असणार? आता वाटतं, आप्तवाक्य मानण्याआधी आप्ताला गाडी विकायची आहे की नाही हे पाहावं, अशी एक टीप त्या ग्रंथात कुणीतरी घालायला हवी होती.

दुखणं असं आहे. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी गाडी सुरू करतो, आणि गाडी अडखळते. तुला वृत्त-छंदांत गती नाही, तरी सांगतो. या इंजिनाला चार सिलिंडर, म्हणजे श्लोकाला चार चरण. चारही नीट म्हटले गेले तर ऐकणाऱ्याला डुलकी लागावी इतकी सुरेख चाल असते. या दोन दिवशी पहिला चरण होतो, दुसरा होतो, तिसऱ्याच्या जागी नुसता उसासा येतो, आणि चौथा घाईघाईने येऊन तिसऱ्याच्या पायावर पाय देतो. सबंध गाडी विसरलेला श्लोक आठवणाऱ्या विद्यार्थ्यासारखी थरथरते. मागून काळसर धूर येतो. धुरावरून अग्नीचं अनुमान करावं असं आम्ही आयुष्यभर शिकवत आलो. इथे धूर आहे आणि अग्नी पेटत नाही हीच तर तक्रार आहे. इतक्या वर्षांच्या अध्यापनाचा एका इंजिनाने असा निकाल लावावा याचं दुःख वेगळंच.

तुझ्या ताईच्या धुलाईघराचं सगळं त्या रुग्णालयाच्या कामावर उभं आहे, हे तुला माहीत आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तिथल्या मळक्या चादरी आणायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी धुतलेल्या नेऊन द्यायच्या, त्या साडेसातच्या आत. आठला ऑपरेशनं सुरू होतात. करारात एक कलम आहे: वर्षात तीनदा उशीर झाला की काम यादीतल्या पुढच्या धुलाईघराकडे जातं. उशिराची नोंद तिथल्या भांडारबाई ठेवतात. भल्या मोठ्या वहीत लाल शाईने शेरा मारतात, आणि मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी फक्त परीक्षक मंडळींच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. ते काम गेलं तर धुलाईघरातल्या सात जणींना घरी बसावं लागेल, आणि आठवी तुझी ताई. ती घरी बसली तर माझं काय होईल, हे तू तिचा भाऊ असल्यामुळे जाणतोसच.

आजवर दोन लाल शेरे पडले आहेत. पहिला चार आठवड्यांपूर्वी. रुग्णालयाचा चढ तू पाहिलेला नाहीस. पायी चढणाऱ्याला वाटतं आपण बरे होऊन परत उतरणार नाही. त्या चढाच्या मध्यावर तिसऱ्या चरणाबरोबर दुसऱ्यानेही मौन धरलं आणि गाडी थांबली. मी खाली उतरलो. फाटकावरचा पहारेकरी शांतपणे पाहत होता. त्याला म्हटलं, जरा हात लावता का. तो म्हणाला, "ढकलणं माझ्या कामात बसत नाही." शेवटी डावा हात प्लास्टरमध्ये असलेला एक गृहस्थ, तपासणीला आलेला, उजव्या हाताने ढकलू लागला. त्याला पाहून आणखी दोघं आले, त्यांतला एक कुबडीवर. असे आम्ही चार जण, ज्यांचे मिळून धड हातपाय तीन माणसांचे होते, ती गाडी वर घेऊन गेलो. एकोणीस मिनिटं उशीर. भांडारबाईंनी लाल पेन काढताना टोपण नीट मागे बसवलं, एवढंच मला त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येईल.

दुसरा शेरा कालचा. चढ रखडतच चढली, पण काल गाडी थांबली नाही, काल ती बोलली. "शांतता राखा" या पाटीखालीच तिने मागच्या नळीतून असा बार काढला की पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पाच दिवस अंथरुणावरून न उठलेले एक आजोबा उठून बसले म्हणे. त्यांच्या सुनेने खाली येऊन माझे आभार मानले, आणि ते स्वीकारण्यात आणखी चार मिनिटं गेली. भांडारबाईंना आजोबांची प्रकृती सांगून पाहिली. त्या म्हणाल्या, "तो विभाग वेगळा."

मिस्त्रीबद्दल लिहायला हवं. आमच्या मिस्त्रीला सगळे "बघूया" म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर तो पहिल्यांदा तेच म्हणतो. शाळेत जाण्याआधी गाडी त्याच्याकडे नेतो तेव्हा दहा वाजलेले असतात, आणि दहापर्यंत गाडी अशी गुणी झालेली असते की मलाच खोटं पडल्यासारखं वाटतं. चारही चरण स्वच्छ, यतीसकट. तो कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "माझ्यासमोर तर गाणं म्हणतेय." मग मला तोंडाने आवाज काढून दाखवावा लागतो. पहिल्यांदा काढला तेव्हा तो म्हणाला, "परत काढा." परत काढला. त्याने आतून आणखी दोन मिस्त्री बोलावले आणि म्हणाला, "सर, यांच्यासाठी एकदा." वर्गात मी तीस वर्षं छंद शिकवले, पण इतकी एकाग्र श्रोतृमंडळी मला कधी लाभली नव्हती. आतापर्यंत त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला, आणि हवा आत जाते ती नळी साफ केली. प्लग काढताना त्यांच्या खळग्यांत थोडा गंज दिसला, त्यावर तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, चालायचंच." प्रत्येक इलाजानंतर गाडी दोन दिवस सुतासारखी चालते आणि पुढच्या मंगळवारी किंवा शुक्रवारी मूळपदावर येते. त्याला म्हटलं, एकदा सकाळी साडेसहाला ये आणि स्वतःच्या कानांनी ऐक. तो म्हणाला, "सर, साडेसहाला मी माणसात नसतो."

तेव्हा मी स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. एक वही केली. वार, हवा, पेट्रोल कुठलं, मागे ओझं किती, चालवणारा कोण, आणि शेवटचा रकाना गाडीच्या मनःस्थितीचा. मग अन्वय आणि व्यतिरेक लावून पाहिले. म्हणजे अमुक असताना दोष असतो का, आणि अमुक नसताना दोष नसतो का. तुझ्यासाठी सोपं करून सांगतो. मळक्या चादरी असतात त्या दिवशी गाडी चालते. चादरी नसतात त्या दिवशीही चालते. स्वच्छ चादरी भरल्या की अडखळते. निष्कर्ष उघड होता: या गाडीला स्वच्छ चादरी सोसत नाहीत. हा सिद्धान्त मी तुझ्या ताईला ऐकवला. ती इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी होती. म्हणाली, "त्या वहीत सगळं आहे, फक्त इंजिन तेवढं नाही." तरी मी पडताळा म्हणून एका शनिवारी मुद्दाम स्वच्छ चादरी भरून तोच चढ चढलो. गाडी पाण्यावरून बदक जावं तशी गेली. म्हणजे चादरी निर्दोष ठरल्या, आणि उरला फक्त वार. काळालाच सगळ्याचं कारण मानणारे काही तत्त्वज्ञ होऊन गेले. तरुणपणी मी त्यांना हसलो होतो. आता त्यांच्या पंक्तीला जाऊन बसलो आहे, आणि गाडीला वार कळतो असं मानतो.

या सगळ्यात एकच गोष्ट समाधानाची, ती म्हणजे आई. तुझी गाडी आणि आई एकाच दिवशी आमच्याकडे आल्या. (आई पुढच्या सीटवर बसून, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आहे.) चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची मेट्रन असलेली बाई आमच्या दिवाणखान्यात नुसती बसलेली पाहून आम्हा दोघांना कसंनुसं व्हायचं. दोन दिवस त्या खिडकीतून अंगणाकडे पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी खाली उतरल्या, पिकअपच्या मागच्या फळीवरून एक बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे पाहिलं. बस्स. त्या सोमवारी संध्याकाळी त्यांनी रबरी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, अंगणातला पाइप ओढला आणि गाडी आतून-बाहेरून धुऊन काढली. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, स्वच्छ चादरी चढायच्या आदल्या दिवशी, गाडीला आंघोळ असते. बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला आहे, भूक वाढली आहे, आणि सातही जणी त्यांना टरकून असतात. आमचं दोघांचंही उत्तम चाललं आहे. त्या मला जावईबापू म्हणतात, मी त्यांना आई म्हणतो, आणि यापलीकडचं सगळं बोलणं तुझ्या ताईमार्फत होतं. आम्ही एकमेकांचा इतका मान ठेवतो की आठ महिन्यांत आमच्यात एक सरळ वाक्य झालेलं नाही. मला चहा बिनसाखरेचा लागतो, त्या दोन चमचे घालतात, मी पितो. परवा ताईकडून कळलं की त्यांनाही गोड आवडत नाही, माझ्यासाठी म्हणून त्याही गोड पितात.

असो. सांगायचं ते हे की परवा शुक्रवार आहे. तिसरा शेरा पडला की संपलं. "बघूया" आता शनिवारी इंजिन उतरवून उघडायचं म्हणतो. म्हणजे जे काही व्हायचं ते आधीच झालेलं असेल. तेव्हा श्यालकमहाशय, छातीवर हात ठेवून सांग (छाती तुझी, हात तुझा, दोन्ही धड आहेत): तुझ्याकडे असताना ही गाडी खरंच कधी चुकली नव्हती? की तूही मंगळवारी आणि शुक्रवारी तोंडाने आवाज काढत हिंडत होतास, आणि मला दिसेल तेव्हा टपावर थाप मारत होतास? मी रागावणार नाही. रागवायला लागणारं सगळं त्या चढावर संपलं आहे.

तुझा,
करंगळी वर धरून लिहिणारा,
भाऊजी

ता. क. (बुधवारीच, थोड्या वेळाने.) मुद्द्याचं राहिलंच. पहिल्या शेऱ्याचं ताईला माहीत आहे. दुसऱ्याचं नाही. काल तिने विचारलं, कसं झालं, आणि मी म्हटलं, एक आजोबा उठून बसले. हे खोटं नव्हे. शुक्रवारी तिसरा शेरा पडला तर तिला दोन एकदम कळतील, आणि ती तुला फोन करील. त्या वेळी तू एवढंच म्हणायचंस की गाडीत हा दोष मुळापासून होता, तुला तो ठाऊक होता, आणि भाऊजींना सांगायचं राहून गेलं. तुझ्यावर ती किती वेळ चिडेल? तू धाकटा आहेस, चारशे किलोमीटरवर आहेस. मी एकाच छताखाली आहे. हे फोनवर बोललो असतो, पण घरातला फोन आईंच्या खुर्चीशेजारी असतो आणि माझा मोबाइल गिऱ्हाइकांसाठी ताईच्या गल्ल्यावर. म्हणून हा पत्रप्रपंच. वरची पानं केवळ प्रस्तावना समज.

ता. क. दुसरा. (गुरुवार, संध्याकाळ.) कुरिअरचं दुकान बुधवारी बंद असतं हे काल पत्र घडी केल्यावर आठवलं, म्हणून पत्र अजून इथेच आहे. बरं झालं की वाईट, तू ठरव.

आज शिकवणीतला विद्यार्थी तापाने आला नाही, म्हणून मी अर्धा तास लवकर घरी पोचलो. अंगणात वाळवणघराच्या झडपेतून नेहमीसारखी गरम हवा येत होती, समोर पिकअप उभी, बॉनेट वासलेलं. मी करंगळी सांभाळत, हातरुमाल मध्ये धरून, आवाज न करता ते बंद केलं. मागून आवाज आला, "जावईबापू."

वळून पाहिलं तर आई पायरीवर. फडकं हनुवटीखाली ओढलेलं, हातमोजे अजून हातात.

"ते दर वेळी तुम्ही बंद करता?"

"हो, आई. कधी कधी राहून जातं, म्हणून मीच..."

"काय राहून जातं?"

"बंद करायचं."

त्या खाली आल्या. बॉनेट पुन्हा उघडलं, काठीवर टेकवलं. औषधांच्या पेटीतला चिमटा आणला, त्याच्या टोकाला गॉझचा बोळा धरला, एका प्लगवरची रबरी टोपी वर उचलली, बोळा खळग्यात बुडवला आणि माझ्या नाकासमोर धरला. त्यातून थेंब पडत होते.

"हे काय आहे?"

"पाणी."

"कुठून आलं?"

"आपण धुतलंत." (हे वाक्य म्हणताना मला आतून काहीतरी जुळत असल्यासारखं वाटू लागलं होतं, पण परीक्षा चालू होती.)

"मी आतलं सगळं धुते. आत घाण ठेवून वर चादरी स्वच्छ काय कामाच्या? पण धुऊन झालं की टोप्या सैल करते, झाकण उघडं ठेवते. त्या झडपेची गरम हवा मुद्दाम घेते त्यावर. रात्रीत खडखडीत वाळतं. सकाळी तुम्ही टोप्या दाबून बसवायच्या. तुमच्या घरात ओल्या चादरीची घडी घालतात का?"

"नाही."

"मी धुतलेली शस्त्रं ओली डब्यात घातली असती तर चौतीस वर्षांत मला एक दिवस ठेवलं नसतं कुणी."

मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही पहाटे उठून बघता, पुसता, टोप्या बसवता आणि मग बंद करता. लेकीला म्हणतेसुद्धा, जावईबापू फार काळजीचे." मग चिमटा खाली करून, "आणि तुम्हाला काय वाटायचं?"

मी हातरुमालाची घडी घालू लागलो.

"मी विसरते, असं?"

मी घडी मोडून पुन्हा घातली.

"आठ महिने? मग बोलला का नाहीत?"

"आपला मान..."

"मान ठेवून इंजिन बुडवलंत," त्या म्हणाल्या, आणि दुसरी टोपी उचलली.

तेव्हा मंगळवार-शुक्रवारचं कारण हे. वाळवण्यावर जगणाऱ्या घरातला मी कर्ता पुरुष, दर सोमवारी आणि गुरुवारी ओलं इंजिन डब्यात घालून वर झाकण लावत होतो, आणि वहीत हवामान लिहीत होतो. आणि दहा वाजेपर्यंत इंजिन आपल्याच उष्णतेने वाळायचं, म्हणून मिस्त्रीपुढे गाणं.

याहून कडू घोट पुढे आहे. चारही खळगे कोरडे करताना आई प्रेमाने म्हणाल्या, "माझा मुलगा बघा. तिथेही मी असंच धुवायची. सहा वर्षांत त्याने बॉनेटला हात म्हणून लावला नाही. टोप्यासुद्धा मलाच सकाळी बसवू द्यायचा. त्याला कळत होतं." मी म्हटलं, हो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (शुक्रवार, शाळेतून आल्यावर.) बॉनेट रात्रभर उघडं राहिलं. मी तीनदा खिडकीशी गेलो, हात मागे बांधून परत आलो. सकाळी आईंनी टोप्या बसवल्या, मी किल्ली फिरवली, आणि चारही चरण असे आले की मी दोन मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवून ऐकत बसलो. आई पुढच्या सीटवर होत्या. "ऐकून झालं असेल तर निघूया," म्हणाल्या.

सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही भांडारात होतो. भांडारबाईंनी घड्याळ पाहिलं, वही पाहिली, लाल पेन ठेवलं आणि निळं शोधायला लागल्या. ते लवकर सापडेना. तोवर आईंनी त्यांच्या टेबलाच्या कडेवरून एक बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे पाहिलं. भांडारबाई उभ्या राहिल्या. वही उघडीच होती, आणि आईंना लांबचं स्वच्छ दिसतं. दोन्ही लाल शेरे, तारखांसकट.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला फक्त खड्डे दाखवले. घरी आल्यावर मात्र आमचं पूर्वीचं वळण परत आलं. मी समोर उभा असताना त्या तुझ्या ताईला म्हणाल्या, "जावईबापूंना सांग, दुसरा शेरा कधीचा आहे हे मी त्यांना विचारलेलं नाही." ताईने इस्त्री खाली ठेवली. पुढचं लिहीत नाही. काम वाचलं, सातही जणी जागेवर आहेत, एवढं महत्त्वाचं.

सबब, पहिल्या ता. क. मधली विनंती रद्द. तुझं "सहा वर्षांत एक ठोका चुकलेली नाही" हे विधान मी पुन्हा प्रमाण मानतो. झाकणांविषयी वर जे लिहिलं तेही मागे घेतो, निदान बॉनेटपुरतं. तुझ्या आळसाने जे इंजिन सहा वर्षं जपलं ते माझ्या टापटिपीने आठ महिन्यांत आजारी पाडलं, हे लिहायला जी करंगळी लागते तीच नेमकी दुखते आहे. सगळं पुन्हा लिहून काढायला ती तयार नाही, म्हणून पत्र जसंच्या तसं पाठवतो. वाचून झाल्यावर पहिली पाच पानं फाडून टाक आणि शेवटचं ठेव. आता खरी विनंती एकच. आईंना फोन करशील तेव्हा सहज म्हटल्यासारखं सांग की भाऊजी चहा बिनसाखरेचा पितात. मला ते अजून जमलेलं नाही.

आणि पत्र न चिकटलेल्या पाकिटातून तुझ्या हाती पडलं तर कुरिअरवाल्याला बोलू नकोस. मी गोंद लावला आणि दाबणार एवढ्यात आई मागून म्हणाल्या, "ओलं आहे ना ते? आधी वाळू द्या." मी वाळू दिलं.